सर्व्हर डाउन? त्याच्यावर ओरडू नका!

ॲडमिशनसाठी जन्माचा दाखला काढायला ग्रामपंचायतीत गेलात आणि 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' ऐकलंत, तर चिडता कोणावर? समोरच्या संगणक परिचालकावरच ना! वडनेरसारख्या गावात टायपिंग त्याचंच, नेट गेलं तर फोनाफोनी त्याचीच, प्रिंटरमध्ये अडकलेला कागदही तोच ओढणार. २०११मध्ये 'संग्राम' आलं, २०१६मध्ये 'आपले सरकार सेवा केंद्र'. पाटी बदलली, खुर्चीवरचा माणूस कंत्राटीच राहिला. पगार नाही, मानधन, तेही थकतं. म्हणून तर हे लोक नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चे नेतात. तेव्हा आपल्याला फक्त अडलेला दाखला दिसतो. गाव डिजिटल करायचंय ना, मग सरकारने आधी त्याला कर्मचाऱ्याचा दर्जा आणि वेळेवर पगार द्यावा. आणि तुम्ही उद्या पुन्हा जाल तेव्हा आवाज जरा खाली ठेवा, यार. सर्व्हर काही त्याच्या घरचा नाही.