कोरे पत्रक छापण्यापूर्वी

आयुर्वेदीय औषधांची चिकित्सालयीन परीक्षणे आता केवळ संशोधन परिषदांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. पदव्युत्तर प्रबंध, एखाद्या फार्मसीचा नवा कल्प, चार-पाच वैद्यांनी आपापल्या चिकित्सालयांत मिळून केलेले परीक्षण, असे त्यांचे क्षेत्र विस्तारले आहे. आयुष विभागाने २०१३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या परीक्षणांसाठी स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्या पाठोपाठ संगणकप्रणालीही आपल्या दारी आली. रेडकॅप ही प्रणाली अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये निर्माण झाली व ना-नफा संस्थांना ती विनामूल्य मिळते. ओपनक्लिनिकाही अनेकांना परिचित आहे. दोहोंतही रुग्णनोंदीचे कोरे पत्रक छापण्याची सोय आहे.

या सोयीचा उपयोग करू नये, थेट संगणकावरच नोंद करावी, असे काही विद्वान मित्र म्हणतात. तालुक्याच्या चिकित्सालयात वीज किती तास असते हे त्यांनी एकदा येऊन पाहावे. शिवाय नाडी पाहताना वैद्याची दृष्टी रुग्णाकडे असावी, पडद्याकडे नव्हे. कागद हवाच. मात्र पडद्यावरचे पत्रक जसेच्या तसे छापले म्हणजे काम झाले, हा समज मला घातक वाटतो.

पडद्यावर ‘स्त्री’ असे उत्तर दिले की रजःप्रवृत्तीचे प्रश्न उघडतात. पुरुषाला ते दिसतही नाहीत. रेडकॅपचे कोरे पत्रक छापले असता मात्र असे लपलेले प्रश्नही सर्वांसाठी उमटतात. कोणता प्रश्न कोणी सोडावा, हे तेथे शब्दांत लिहिले पाहिजे. हिमोग्लोबिन १२.५ ऐवजी १२५ लिहिले तर, तशी मर्यादा घातलेली असल्यास, प्रणाली तत्काळ हटकते. कागद काहीच बोलत नाही. वजन व उंचीवरून जी संख्या संगणक स्वतः काढतो, ती वैद्याने तोंडी हिशेबाने भरू नये. मूळ मापे तेवढी लिहावीत.

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने खरी अडचण याहून खोल आहे. अग्नीच्या परीक्षेसाठी सम, विषम, तीक्ष्ण, मंद हे पर्याय छापलेले नसतील आणि केवळ रिकामी रेघ असेल, तर एक वैद्य ‘भूक बरी’ लिहील, दुसरा ‘अग्नी ठीक’, तिसरा ‘साम’. पुढे संगणकात भरणारा लिपिक त्यांतून काय निवडणार? कोष्ठ, सार, सत्त्व यांचेही तेच. उलट, अनुपान व औषधसेवनकाल यांना पत्रकात जागाच नसते, असेही आढळते. मग मधासह घेतलेले चूर्ण आणि कोष्ण जलासह घेतलेले चूर्ण एकाच रकान्यात जाते. लक्षण ‘नाही’ आणि लक्षण ‘विचारले नाही’ यांसाठी दोन वेगळे चौकोन हवेत. कोऱ्या जागेचा अर्थ नंतर कोणालाच लावता येत नाही.

पत्रकाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक व दिनांक असावा. परीक्षण चालू असताना प्रश्न बदलतात. प्रणालीत नवी आवृत्ती येते, पण कपाटात जुन्या दोनशे प्रती पडून असतात व छपाईचा खर्च वसूल व्हावा म्हणून त्याच वापरल्या जातात. थोड्याच प्रती छापाव्यात आणि जुन्या मोजून रद्द कराव्यात. वर्डमध्ये वेगळे ‘सोपे’ पत्रक तयार करण्याचा मोह तर टाळावाच. त्याचे व प्रणालीचे नाते पहिल्याच दुरुस्तीला तुटते.

रुग्णासमोर भरलेला कागद हीच मूळ नोंद होय. तो संगणकात उतरवल्यावर फेकायचा नाही, आणि ‘सुवाच्य प्रत’ करून बदलायचाही नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, शेजारी योग्य शब्द, आद्याक्षरे व दिनांक एवढे पुरे. खाडाखोड किंवा पांढरी शाई नको. आपल्याकडे नीटनेटक्या कागदाचे कौतुक फार. परीक्षकाला मात्र अतिस्वच्छ पत्रक पाहून शंका येते, आणि ती रास्त असते.

औषधनिर्मात्या बंधूंना एक विनंती. छपाईचा गठ्ठा तयार होताना उपद्रवांच्या नोंदीचे पान त्यात आहे की नाही, हे स्वतः पाहावे. प्रणालीत ते बहुधा स्वतंत्र पत्रक असते, म्हणून नेमके तेच छापायचे राहते. पान हाताशी नसेल तर तिसऱ्या दिवशी आलेले अतिसाराचे दोन वेग वैद्य तोंडी ऐकतो, पथ्य सांगतो, आणि लिहीत नाही. पुढे आपणच जाहिरातीत ‘दुष्परिणामरहित’ असे छापतो. त्या शब्दाला आधार म्हणून आपल्यापाशी उरते ते केवळ न छापलेले पान.