जुनी जीप, नवी हौस

खेड्यापाड्यांत एके काळी ‘जीप आली’ याचा अर्थ ‘साहेब आले’ असा होत असे. मामलेदाराची जीप, जंगलखात्याची जीप, फौजदाराची जीप, निवडणुकीत भोंगा लावून फिरणारी जीप अशा तिच्या नाना जाती होत्या, आणि वेशीवरची पोरे नुसत्या आवाजावरून ती कुणाची हे ओळखत. पुढे ही जीप सरकारी दफ्तरातून सुटली, लिलावात गेली, आणि साताऱ्या-सांगलीकडे ‘वडाप’ तर मराठवाड्यात, विदर्भात ‘काळी-पिवळी’ होऊन आठवडी बाजाराची माणसे वाहू लागली. आता तिचा तिसरा जन्म सुरू आहे. शहरातली नोकरदार, व्यावसायिक मंडळी जुन्या जीपा शोधून काढतात, हौसेने रंगवतात, मोठी चाके चढवतात आणि रविवारी सहकुटुंब एखादा घाट चढायला निघतात. हौस चांगलीच आहे; पण तिचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. जुनी गाडी जपणे आणि जुनी गाडी नटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ गाडीवाल्यांनीही केली आहे आणि कायद्यानेही.

या गाडीचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली विलिस आणि तिच्या जोडीला फोर्ड, या दोन कारखान्यांनी १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांहून अधिक जीपा सैन्यासाठी बांधल्या. साठ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, अकराशे किलोच्या आसपास वजन, आणि चारी चाकांना ताकद. लढाई संपल्यावर मुंबईच्या माझगावात महिंद्रांनी याच जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली. पुढे उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ आली. तिचे नवे इंजिन जुन्यापेक्षा उंच होते, ते आत मावावे म्हणून बॉनेट उंच करावे लागले, एवढेच त्या रूपाचे रहस्य! अमेरिकेत ही गाडी १९६८ साली बंद झाली. आपल्याकडे मात्र तिचा वंश कितीतरी वर्षे चालू राहिला. ऐंशीच्या दशकात प्यूजो कंपनीच्या परवान्यावर बांधलेले डिझेल इंजिन घेऊन ‘एमएम ५४०’ आली. आज हौशी लोकांच्या अंगणात दिसणाऱ्या जुन्या जीपा बहुतेक या दोन पिढ्यांतल्या आहेत.

इतकी वर्षे ही गाडी टिकली याचे कारण तिच्या साधेपणात आहे. तिची चेसिस म्हणजे शिडीसारखी लोखंडी चौकट. तिच्यावर बोल्टांनी बसवलेली पत्र्याची बॉडी. खाली पोलादी पाटे. यातला प्रत्येक भाग उतरवता येतो, उघडता येतो, पुन्हा बसवता येतो. पाटा तुटला तर तालुक्याच्या गावी लोहाराकडे जुळणी होते. शाफ्ट झिजला तर लेथवाला त्याला भर देऊन पुन्हा मापात आणतो. रस्त्यात बंद पडली तर पान्यांची एक पिशवी आणि थोडी अक्कल यांवर ती पुष्कळदा घरी येते. आजची गाडी बंद पडली की कॉम्प्युटर जोडून तिला विचारावे लागते, ‘बाई गं, तुझे काय दुखते?’ जुनी जीप कुठे दुखते ते स्वतःच ओरडून सांगते. फक्त ऐकणारा कान हवा.

हा कान म्हणजेच देखभाल. चारचाकी ताकदीच्या गाडीचे काही स्वभावधर्म आहेत, आणि ते न समजता तिला चालवणे म्हणजे बैलाला शिंगांकडून जुंपण्यासारखे आहे. जुन्या जीपमध्ये पुढचा जादा गिअर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात आणि एकाच गतीने फिरू लागतात. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. चिखलात, वाळूत चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती सोय नसते. मग सगळा ताण क्रॉस, शाफ्ट आणि गिअरच्या दात्यांवर येतो. म्हणून ‘चारही चाकांची ताकद’ ऐटीत दाखवत हमरस्त्याने जाणारा माणूस खरे तर आपली गाडी दळत चाललेला असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. पावसाळ्यात ओढा ओलांडण्याची हौस प्रत्येकाला असते. चालून चालून तापलेला धुरा थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून, चोंदलेल्या श्वासनळीतून पाणी आत ओढून घेते. वरून काही कळत नाही. पुढे कधीतरी नट उघडला की ऑइलऐवजी दुधाळ चहा बाहेर येतो, आणि तोवर बेअरिंगे गेलेली असतात. या गाड्यांचे ब्रेक ड्रमचे. ओढ्यातून बाहेर आल्यावर दोनचारदा हलके दाबून ते वाळवले नाहीत, तर पुढच्या उतारावर पाय दाबूनही ब्रेक नीट धरत नाहीत. कोकणातल्या किनाऱ्यावरून परतल्यावर गाडी वरून पुसण्यापेक्षा खालून गोड्या पाण्याने धुणे महत्त्वाचे, कारण चेसिस आतून पोकळ असते आणि मीठ तिथे बसून निवांत जेवत राहते. ग्रीसच्या निपलांना वेळच्या वेळी ग्रीस देणे, पुढच्या चाकांच्या सांध्यांतली झीज तपासणे, जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ हवेने न उडवणे (जुन्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसाचे वैरी आहे) ही कामे फोटोत दिसत नाहीत. म्हणूनच ती होत नाहीत.

फोटोत दिसतात ती मोठी चाके. मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवले की गाडी रुबाबदार दिसते यात शंका नाही. पण चाक मोठे झाले की प्रत्येक फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते. म्हणजे सगळे गिअर आपोआप जड होतात, इंजिन चढावर दमते, स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि थांबवण्यासाठी ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. चाकाच्या बेअरिंगांवर आणि स्टिअरिंगवर भार वाढतो तो वेगळाच. मग चाके बॉडीला घासू नयेत म्हणून पाटे उंच करायचे. पाटे उंच झाले की शाफ्टचा कोन बिघडतो आणि क्रॉस लवकर जातात. गुरुत्वमध्य वर सरकतो आणि मुळातच अरुंद असलेली गाडी वळणावर कलंडायला आणखी सोपी होते. एका हौसेपायी चार दुरुस्त्या आणि एक धोका. आधी कळस मग पाया, तो हा असा.

याचा अर्थ जुन्या जीपला हात लावूच नये, असा मुळीच नाही. जीप ही बदलत आलेलीच गाडी आहे. १९७३ नंतर पेट्रोल महागले तेव्हा पेट्रोलच्या जीपांत डिझेलची इंजिने बसवणे हा आपल्याकडे एक स्वतंत्र धंदाच झाला. कुणी मागचा भाग लांबवून रुग्णवाहिका केली, कुणी हुडाच्या जागी पत्र्याचे छत बसवले, कुणी ऊस-द्राक्षाच्या मळ्यातला पंप तिच्यावर चढवला. त्या बदलांमागे गरज होती. काही बदल वाईटही होते. वडापच्या मागे फळकूट लावून टांगलेल्या माणसांची किंमत अनेक घरांनी मोजली आहे. तेव्हा बदल तपासायची कसोटी सोपी ठेवावी: या बदलाने गाडी अधिक चांगली थांबते का, अधिक चांगली दिसते-दाखवते का, आणि उलटली तर आतली माणसे वाचतात का? पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, खांद्यावरून येणारे पट्टे, चेसिसला पक्का बांधलेला लोखंडी कठडा, जुनी कुजकी वायरिंग काढून फ्यूजसह नवी, रात्री नीट उजेड देणारे पण समोरच्याला आंधळे न करणारे दिवे. हे बदल मूळ कारखानदाराने आज गाडी बांधली असती तर त्यानेही केले असते.

अडचण अशी की कायदा या दोन प्रकारांत फारसा फरक करीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. गॅसवर चालवण्याची सोय, अपंग व्यक्तींसाठी केलेली जुळणी असे काही अपवाद आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ कायम केला. दुसरीकडे २०२१ साली केंद्राने ५० वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पण त्यांतही अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा, आणि ती रोजच्या वापरात नसावी. म्हणजे जुनी जीप एकतर देव्हाऱ्यात ठेवा, नाहीतर मोडीत घाला. जी गाडी चालवायची आहे, आणि जपून चालवायची आहे, तिच्यासाठी मधली वाट नाही. नोंदणी नूतनीकरणाचे शुल्कही एप्रिल २०२२ मध्ये मोटारगाड्यांसाठी ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी १०,००० झाले.

जर्मनीत अशी मधली वाट आहे. तिथे गाडीत बदल केला की मान्यताप्राप्त तपासनिसाकडे न्यायची. तो मापे घेतो, ब्रेक तपासतो, आणि पटले तर तो बदल गाडीच्या कागदांवर चढतो. न पटले तर काढून टाका म्हणतो. तीस वर्षांहून जुन्या, नीट राखलेल्या गाड्यांना तिथे १९९७ पासून वेगळी नंबरपाटीही मिळते, आणि ती लावून गाडी रस्त्यावर चालवता येते. आपल्याकडे अशा तपासणीला माणसे नाहीत असे नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पुण्यात वाहनांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून उभी आहे. सुरक्षिततेच्या मोजक्या बदलांची एक यादी करावी, तपासणीची फी घ्यावी, आणि बदल पुस्तकावर नोंदवावा. जे यादीत नाही, ते निर्दयपणे उतरवावे. आज जो नियम सगळ्यालाच ‘नाही’ म्हणतो, तो पाळला जात नाही. चांगला ब्रेक बसवणारा आणि कर्कश हॉर्न बसवणारा, दोघेही सारखेच चोरटे ठरतात.

यावर धुराचा आक्षेप येणारच, आणि तो खरा आहे. जुने डिझेल इंजिन नव्याच्या मानाने कितीतरी अधिक काजळी ओकते. पंप आणि नोझल वेळच्या वेळी तपासले तर धूर कमी होतो; पण जुनी जीप नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. म्हणून रोज शहरातून ती हाकण्याचा हट्ट कुणी धरू नये. महिन्याकाठी दोनचारदा निघणाऱ्या गाडीचा प्रश्न आणि दिवसभर धूर ओकत फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा प्रश्न मात्र एकच नव्हे. ज्या जीपची चेसिस कुजली आहे, जी काळा धूर सोडल्याशिवाय चढ चढत नाही, तिला मोडीत काढण्यात दुःख करण्यासारखे काही नाही. तिचे चांगले भाग दुसऱ्या चार जीपांना जगवतील.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेच्या खातेवह्यांत काढली. तिथे गाडीवर दरसाल घसारा धरतात आणि काही वर्षांत तिची किंमत कागदावर जवळजवळ शून्य होते. हिशेब म्हणून ते बरोबरच असते. पण त्या कागदावर एक रकाना कधी नसतो: ती गाडी चालू ठेवणाऱ्या माणसाचा. ज्याने तीस वर्षे चाव्या आणि पाने हाताळले, जो इंजिनाला कान लावून कुठली वॉल्व्ह वाजते ते सांगतो, अशा मिस्त्रीचे ज्ञान कुठल्याच ताळेबंदात येत नाही. त्याच्या हाताखालची पोरे आता मोबाइलच्या दुकानात गेली. जीपबरोबर ती विद्याही भंगारात चालली आहे, आणि ती वजनावर विकत मिळणार नाही.

तेव्हा ज्याच्या अंगणात जुनी जीप आहे, त्याने मोठ्या टायरांच्या पैशांत आधी चारही ब्रेक उघडून घ्यावेत. गाडी मिस्त्रीकडे टाकून निघून येऊ नये. शेजारी उभे राहावे, आणि सुट्टी असेल तर घरातल्या मुलामुलींनाही न्यावे. हात काळे होतील. पण यंत्र उघडते कसे, झिजते कुठे आणि पुन्हा जुळते कसे, हे एकदा पाहिलेली पोर कुठलीही बिघडलेली वस्तू लगेच फेकून द्यायला धजावणार नाही.