कुंडी, आकडी आणि कायदा

जी-20 परिषदेच्या निमित्ताने 2023 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रथम गुरुग्रामात आणि पाठोपाठ आपल्या नागपुरात, शहराच्या शोभेसाठी रस्त्याकडेला मांडलेल्या फुलझाडांच्या कुंड्या मोटारीतून आलेल्या इसमांनी उचलून नेल्या, त्यांच्या चित्रफिती देशभर फिरल्या आणि पोलिसांत गुन्हे दाखल झाले, तेव्हा सर्वत्र जो अचंबा व्यक्त झाला तो मला अनाठायी वाटला. कारण कुंडी उचलणारा हा प्रायः भुकेला वा गरजू नसतो, तो सुस्थित, सुशिक्षित आणि एरवी सदाचारी गृहस्थ असतो, आणि आपल्या हातून घडते ती चोरी आहे हे त्याच्या मनालाही शिवत नाही.

पहाटे कोणत्याही वसाहतीत फेरी मारावी. फिरावयास निघालेली वडीलधारी मंडळी आकडी आणि पिशवी घेऊन परक्याच्या कुंपणावरची जास्वंद, तगर, कण्हेर ओरबाडताना दिसतात, आणि कुणी हटकलेच तर ‘देवासाठी नेतो’ असे निःसंकोच उत्तर मिळते. मनी प्लांट चोरून आणला तरच लाभतो, ही समजूत तर अनेक घरांत आहे. मालकाच्या संमतीवाचून तोडलेले फूल देवाला वाहण्यात काही पुण्य आहे असे मी मानीत नाही. ज्याने त्या झाडाला वर्षभर शेणखत घातले, पानांवरचा मावा धुऊन काढला आणि वैशाखातल्या टंचाईतही त्याच्यासाठी तांब्याभर पाणी राखून ठेवले, त्याचे नुकसान बाजारभावाने मोजता येत नाही.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 प्रमाणे रोप जमिनीत रुजलेले असेतोवर चोरीचा विषय होत नाही, परंतु जमिनीपासून अलग होताच ते त्या कक्षेत येते. चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मात्र मुद्देमाल पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. ही तरतूद मला फार योग्य वाटते: कुंडी नेणाऱ्याने काही दिवस सार्वजनिक उद्यानात हाती खुरपे धरावे. अडचण एवढीच की, बाब क्षुल्लक समजून फिर्याद देण्यास कोणी जात नाही.

बंदोबस्ताचा विचार करताना तुळशीवृंदावन आठवावे. अंगणात चुन्याविटांनी वा दगडाने बांधून काढलेले वृंदावन म्हणजे जागची न हलणारी कुंडीच होय, आणि नगरपालिकांनी पदपथावर सुट्या कुंड्यांच्या रांगा मांडण्याऐवजी त्याच धर्तीचे बांधीव वाफे करावेत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. सुटी कुंडी ठेवणे ज्यांना भाग आहे त्यांनी तळाच्या भोकातून साखळी ओवून आत आडव्या सळईला अडकवावी आणि दुसरे टोक कठड्याला कुलूपबंद करावे. तळाशी दगडविटांचे तुकडे घातल्यास वजन वाढते, मात्र पाण्याचा निचरा बंद होता कामा नये. मातीच्या थराखाली तारेची जाळी अंथरून तिच्यातून रोप वाढू दिले, तर ते एका हिसक्यात उपटून येत नाही. खिडकीतल्या कुंड्या जाळीच्या आतल्या अंगाला तारेने बांधाव्यात. तेथे चोराहून वाऱ्याचे भय मोठे, कारण वरच्या मजल्यावरून निसटलेली कुंडी खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतते. नासधुशीविषयी म्हणावयाचे तर, ज्या कुंडीतले रोप वाळले तिच्यात पानाच्या पिचकाऱ्या आणि चहाचे कागदी पेले लगोलग येऊन पडतात. सबब वाळलेले रोप त्याच दिवशी काढून दुसरे लावावे.

जास्वंद, मोगरा, मनी प्लांट ही सारी फांदीवरून सहज रुजणारी झाडे आहेत. ज्यांना ती हवी असतील त्यांनी आकडी घरी ठेवून मालकाच्या दाराची कडी वाजवावी आणि फांदी मागून घ्यावी. झाडे लावणारा मनुष्य सहसा नाही म्हणत नाही. आणि ज्यांची कुंडी गेली असेल त्यांनी संकोच न करता ठाण्यात जाऊन फिर्याद नोंदवावी, ही माझी वाचकांस कळकळीची विनंती आहे.