पाखरांचा थवा आणि वाळूचा ढीग

ज्वारीची कणसे भरू लागली की भीमेच्या खोऱ्यात भोरड्यांचे थवे उतरतात. कोरेगाव भीमापासून खाली दौंड-भिगवणपर्यंत जेथे जेथे उसाने रब्बीच्या ज्वारीला अद्याप पुरते हुसकावून लावलेले नाही, तेथे मध्य आशियातून हिवाळ्यासाठी आलेली ही काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची पाखरे दाण्यांवर तुटून पडतात आणि राखणदार माळ्यावर उभा राहून गोफण फिरवीत राहतो. त्याला त्या थव्यात पिकाचा शत्रू दिसतो, आणि त्याच्या जागी ते रास्तच आहे. परंतु उन्हे कलल्यावर तोच थवा रातथाऱ्याकडे निघतो, तेव्हा हजारो पाखरे एकाच देहाचे अवयव असल्यासारखी वळतात, आवळतात, पसरतात. त्यांचा कोणी पुढारी नाही, कोणी इशारा देत नाही. तरीही टक्कर होत नाही आणि थवा फुटत नाही. हे कसे घडते, हा प्रश्न व्यवहारी माणसाने रिकामटेकडा ठरवावा असाच आहे. इटलीतील एका भौतिकशास्त्रज्ञाने तो तसा ठरवला नाही.

जॉर्जो पारिसी यांना २०२१ साली भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा पृथ्वीच्या हवामानाची गणिती प्रतिकृती उभारणाऱ्या स्युकुरो मनाबे आणि क्लाउस हासेलमान यांना विभागून देण्यात आला. त्याच वर्षी पारिसी यांचे एक छोटेखानी पुस्तक इटालियन भाषेत प्रसिद्ध झाले. त्याचे नावच मुळी भोरडीच्या युरोपीय भावंडांच्या, म्हणजे स्टार्लिंग पक्ष्यांच्या, उड्डाणावरून घेतलेले आहे. पारितोषिक पक्ष्यांसाठी मिळालेले नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. पण पारिसी आणि त्यांचे सहकारी रोमच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळील एका संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावून बसले होते. एकाच क्षणी अनेक बाजूंनी घेतलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी थव्यातील प्रत्येक पाखराचे अवकाशातील स्थान निश्चित केले आणि २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

निष्कर्ष अनपेक्षित होता. सर्वांची समजूत अशी की, पाखरू आपल्यापासून ठराविक अंतराच्या आत असलेल्या सर्व पाखरांकडे लक्ष ठेवीत असावे. प्रत्यक्षात ते अंतर मोजीतच नाही. ते शेजारी मोजते. सरासरीने सहा-सात निकटचे शेजारी, मग ते हातभर अंतरावर असोत वा चार हातांवर. यातील शहाणपण ससाणा झडप घालतो तेव्हा कळते. हल्ला झाला की थवा विरळ होतो. अंतराचा नियम असता तर त्या क्षणी पाखरांचे परस्परसंबंध तुटले असते आणि एकेकटे पाखरू ससाण्याच्या हाती लागले असते. शेजाऱ्यांच्या संख्येचा नियम असल्यामुळे थवा ताणला गेला तरी तुटत नाही.

एक पाखरू पिंजऱ्यात ठेवून त्याच्या डोळ्यांचा, पंखांचा, मेंदूचा जन्मभर अभ्यास केला तरी थव्याचे वळण त्यातून निघणार नाही. येथेच केवळ किचकट आणि खरोखर व्यामिश्र यांतील भेद स्पष्ट होतो. घड्याळ किचकट असते. पण त्याचे प्रत्येक चाक समजले की सारे घड्याळ समजते. थवा, पाऊस, बाजारपेठ, मेंदू या व्यामिश्र रचना होत. त्यांचे मर्म घटकांत नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असते.

पारिसी यांचे मूळ कार्य याहूनही नीरस वाटणाऱ्या वस्तूवर झाले. तांब्यासारख्या धातूत मँगनीजचे थोडेसे अणू विखुरले की प्रत्येक अणू एक चिमुकले चुंबक बनतो आणि त्याला वर किंवा खाली, दोनच दिशा घेता येतात. काही जोड्यांना एकाच दिशेला राहणे मानवते, काहींना विरुद्ध. ज्याने गावची निवडणूक पाहिली आहे त्याला यातील पेच समजावून सांगावा लागणार नाही. तीन घराण्यांचे एकमेकांशी वैर आहे आणि पॅनेले मात्र दोनच आहेत; कशीही मांडणी केली तरी दोन वैरी एका पॅनेलात येणारच आणि कोणीतरी नाराज राहणारच. तीन घराण्यांच्या जागी कोट्यवधी अणू कल्पिले म्हणजे सर्वांना संतुष्ट करणारी एकही मांडणी उरत नाही. जवळपास सारख्याच असमाधानाच्या असंख्य मांडण्या मात्र संभवतात. या गोंधळात एक सूक्ष्म सुव्यवस्था दडलेली आहे, हे पारिसी यांनी १९७९ साली दाखवले.

त्यासाठी त्यांनी वापरलेली युक्ती अशी होती की, तीत रचनेच्या अनेक प्रती कल्पून अखेरीस त्या प्रतींची संख्या शून्याकडे न्यावयाची! गणितज्ञांनी कपाळाला हात लावावा असेच हे होते. उत्तर बरोबर येत होते, पण ते बरोबर का येते याची सिद्धता नव्हती. फ्रान्सेस्को ग्वेरा यांनी वाट मोकळी केल्यावर मिशेल तालाग्राँ यांनी ती पूर्ण सिद्धता २००६ साली प्रसिद्ध केली, म्हणजे २७ वर्षांनी. निरीक्षण, मग अनुमान, मग सिद्धांत, मग पडताळा, अशी शोधाची सरळ पायवाट आपल्या क्रमिक पुस्तकांत आखलेली असते. ती घराची वास्तुशांत झाल्यावर काढलेल्या छायाचित्रासारखी असते; बांधकामाचा राडारोडा तीत दिसत नाही. पारिसी तो राडारोडा दाखवतात. १९७३ साली अणुगर्भातील बलासंबंधीचा एक मोठा शोध अगदी जवळ येऊनही आपल्या हातून कसा निसटला, हेही ते मोकळेपणाने सांगतात. त्या शोधासाठी २००४ साली तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले. आपल्याकडील थोरामोठ्यांच्या आत्मकथनांत असे प्रकरण क्वचितच सापडते.

हे सारे दूर रोममध्ये घडले म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. याच विद्येतील एक पायाभूत काम महाराष्ट्रात झालेले आहे, आणि त्याची वार्ता आपल्या विज्ञान महाविद्यालयांतूनही फारशी पोहोचलेली नाही. पेर बाक, चाओ टँग आणि कर्ट वीसेनफेल्ड यांनी १९८७ साली वाळूच्या ढिगाचा एक कागदी खेळ मांडला. चौकटीच्या पटावर एकेक कण टाकीत जावयाचे. एखाद्या घरात चार कण जमले की त्याने चारही शेजाऱ्यांना एकेक कण देऊन मोकळे व्हावयाचे. त्या शेजाऱ्यांपैकी कोणाकडे मग चार झाले तर त्यानेही तेच करावयाचे. होता होता ढीग अशा अवस्थेला पोहोचतो की पुढचा एक कण काहीच घडवणार नाही किंवा साऱ्या पटावर घसरण घडवील. थेंबे थेंबे तळे साचते हे आपण जाणतो. कणाकणाने ढीग कडेलोटाच्या उंबरठ्यावर आपोआप येऊन उभा राहतो, हे त्या खेळाने दाखवले.

परंतु या खेळाचे गणित कोणाला नेमके सोडवता येईना. ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली सोडवून दाखवले. अनेक घरे एकाच वेळी भरली असता आधी कोणते सांडावे यावर भांडण होईल. पण क्रम कोणताही घेतला तरी अखेरची मांडणी एकच येते, हे त्यांच्या लक्षात आले. ऐकावयास साधी वाटणारी ही गोष्ट किल्लीसारखी ठरली आणि तिने त्या खेळाची अनेक कुलुपे उघडली. धर पुढे पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेत आले. संख्याशास्त्रीय भौतिकीतील सर्वोच्च मानले जाणारे बोल्ट्झमन पदक २०२२ साली त्यांना मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यासमवेत त्या पदकाचे मानकरी होते जॉन हॉपफील्ड. त्यांनी १९८२ साली मांडलेले स्मृतीचे प्रतिरूप पारिसींच्या त्या नीरस मिश्रधातूच्या गणिताशी सख्खे नाते सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पायाभरणीसाठी हॉपफील्ड यांना २०२४ चे नोबेल मिळाले. ज्यांना प्रत्येक संशोधनाचा उपयोग आधी हवा असतो, त्यांनी १९७९ साली या धातूच्या तुकड्याचा कोणता उपयोग सांगितला असता?

(जाता जाता हेही नमूद करावे की, नदीतील खरी वाळू या खेळाप्रमाणे तंतोतंत वागत नाही. नॉर्वेमधील संशोधकांनी १९९६ साली प्रयोग केले तेव्हा लांबट दाण्याच्या तांदळाचा ढीग बराचसा त्याप्रमाणे वागला. वाळूच्या नावाने निघालेले शास्त्र तांदळात सापडावे, यातही शोधाच्या स्वभावाची एक खूण आहे.)

आता पुन्हा कोरेगाव भीमाकडे वळू. पुणे-अहिल्यानगर हमरस्ता, लोकांच्या तोंडी अजूनही ‘नगर रोड’च, या गावातून जातो. पलीकडे सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावची कारखानदारी. पाळी सुटण्याच्या वेळी येथे वाहने खोळंबली की प्रत्येक जण पुढे मान काढून अपराधी शोधतो: बंद पडलेला ट्रक, आडवा आलेला दुचाकीस्वार, जागेवर नसलेला पोलीस. पुष्कळदा तसे कोणी सापडतेही. परंतु जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवण्यास सांगण्यात आले. तेथे सिग्नल नाही, खड्डा नाही, आडवा येणारा नाही. तरीही थोड्याच वेळात मोटारी थबकू लागल्या आणि कोंडीची लाट उलट दिशेने सरकू लागली. एकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने जरा अधिक, त्याच्या मागच्याने त्याहून अधिक, बस्स. अपराधी कोणीच नव्हता. रस्त्यावरील दाटी विशिष्ट मर्यादेपलीकडे गेली होती, इतकेच.

अर्थशास्त्राला हा धडा नवा वाटू नये. शिरूर-खेडच्या पट्ट्यातील कांदा उत्पादक गेल्या हंगामाचा भाव आणि शेजाऱ्याचे वावर पाहून लागवड ठरवतो. त्याचा निर्णय त्याच्यापुरता बिनचूक असतो. हजारोंनी तोच बिनचूक निर्णय घेतला की बाजार कोसळतो. पुढच्या वर्षी सारे पाठ फिरवतात आणि भाव कडाडतो. शासन यावर एकच कळ दाबू पाहते. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद केली, मे २०२४ मध्ये उठवली. शहरातील ग्राहकाला तात्पुरता दिलासा मिळालाही असेल. परंतु ज्या शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील संबंधांतून ही तेजी-मंदी उद्भवते, त्यांना या कळीचा स्पर्शही झाला नाही. साठवणूक, लागवडीची वेळेवर आणि विश्वासार्ह माहिती, हंगामांची विभागणी ही कामे संबंध बदलणारी आहेत. ती कंटाळवाणी असल्यामुळे त्यांच्या घोषणा होत नाहीत.

तथापि या शास्त्राच्या नावाखाली भलतेच काही खपवले जाऊ नये. पेरणे येथील जयस्तंभाला अभिवादन करण्यासाठी दर १ जानेवारीला लाखो लोक भीमेच्या काठी येतात. जमाव किती दाट झाला म्हणजे तो पाण्यासारखा लोटू लागतो, हे भौतिकशास्त्र सांगू शकते आणि बंदोबस्त आखणाऱ्यांनी ते अवश्य ऐकावे. पण २०१८ साली त्या दिवशी येथे जी हिंसा झाली, तिला ‘जमावाचे वर्तन’ असे नाव देऊन मोकळे होण्याचा परवाना हे शास्त्र कोणालाही देत नाही. भोरडी द्वेष करीत नाही आणि वाळूच्या कणाला चिथावता येत नाही. माणसांच्या बाबतीत सारे नियम तपासून झाल्यावरही जबाबदारीचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो समीकरणाने सुटणारा नव्हे.

राहता राहिला पैशाचा आणि शिक्षणाचा प्रश्न. २०२०-२१ साली भारताचा संशोधन व विकासावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापण्यात आले, तेव्हा पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला. त्यातील ३६ हजार कोटी खाजगी उद्योग व अन्य मार्गांनी यावयाचे होते. उद्योगपती आपल्या यंत्रासाठी पैसे देईल. वाळूच्या कागदी ढिगासाठी तो का देईल? त्यात त्याचा दोषही नाही. ज्या ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो त्याची किंमत एकट्याने मोजण्यास कोणी तयार नसते. म्हणून तर ती राज्यसंस्थेने मोजावयाची असते.

पण पैशाने न सुटणारी अडचण अधिक खोल आहे. विज्ञान महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकाच्या वह्या चाळून पाहाव्यात. बहुतेक ठिकाणी उत्तर आधी ठरते आणि निरीक्षणे मागाहून त्याला जुळवून घेतली जातात. लंबकाचा प्रयोग करणाऱ्या मुलाला गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.३ आले तर ते का आले हे त्याला कोणी विचारीत नाही. तो शेजाऱ्याची वही मागतो. रोमच्या गच्चीवर हा विद्यार्थी असता तर त्याने पाखरे अंतर मोजतात असेच लिहिले असते आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

नगर रोडवरील कोणत्याही महाविद्यालयाला कोरेगावच्या चौकात चार विद्यार्थी एक घड्याळ आणि एक वही देऊन महिनाभर रोज तासभर उभे करता येतील: किती वाहने गेली, कोंडीची लाट कोठून निघाली, कोणत्या दिशेने सरकली. हिवाळ्यात तेच विद्यार्थी ज्वारीच्या बांधावरून थव्यांची नोंद ठेवू शकतील. राखणदाराला ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत त्याही त्या वहीत प्रथमच उतरतील. याला अनुदान लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. अशा वहीला गुण कसे द्यावयाचे, याची तरतूद मात्र विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना करावी लागेल, कारण तिचे उत्तर परीक्षकालाही आधी ठाऊक नसेल.