तीन महिने गप्प का बसायचं?



आमच्या सूनबाईला सातवा आठवडा चालू आहे. तिला विचारून, ती "लिहा आई" म्हणाली तेव्हाच हे लिहिते आहे. सासूबाईंना हे पसंत नाही. त्यांचं म्हणणं, "तीन महिने झाल्याशिवाय असली गोष्ट ओठाबाहेर काढू नये." तुमच्यापैकी बहुतेकींच्या घरी हाच नियम असेल. माझं मत असं की हा नियम ज्या काळात पाळतात, नेमक्या त्याच काळात बाईला सगळ्यात जास्त मदत लागते.

आधी हिशेब समजून घेऊ. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली तेव्हाच चार आठवडे भरलेले असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. ती नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. खरं तर ती दिवस राहण्याच्या आधीपासूनच सुरू करायची असते. आपण तीन महिन्यांनी पेढे वाटून मग डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्या गोळीचं हे काम करण्याची वेळ कधीच निघून गेलेली असते.

आपल्या घरांत तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. हे जीवनसत्त्व मिळतं पालेभाज्यांतून, आणि चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो. आठम-चौदसला हिरवं खात नाही. नियम सोडा असं मी म्हणत नाही. मूग, हरभरा, चवळी, तुरीचं वरण, शेंगदाणे यांतूनही ते मिळतं, ते वाढवा. पण गोळीची जागा वरण घेऊ शकत नाही. दुसरं आहे बी-१२. आपल्या आहारात ते दूध, दही, ताक यांतूनच येतं. ज्या सुनेला दुधाच्या वासानंच ओकारी येते, तिचं बी-१२ तपासून घ्यायला डॉक्टरांना सांगायला हवं. पण घरात कोणाला माहीतच नसेल, तर हे सांगणार कोण?

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यापासून सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बहुतेकींची कमी होते. ती फक्त सकाळीच होते असं नाही, दिवसभर कधीही होते. पोट रिकामं राहिलं की ती वाढते. आता आपलं घर बघा. चौविहार केला तर सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत, हिवाळ्यात चौदा तासांच्या आसपास, पोटात पाण्याचा थेंब नाही. ज्या मुलीनं अजून कोणाला सांगितलेलं नाही, ती सगळ्यांबरोबर हा नियम पाळते, कारण 'आज का नाही?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला नको असतं. पर्युषणात तर एकासणं, उपवास. बायका न्हाणीघराचा नळ सोडून ओकाऱ्या काढतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. हे तप म्हणायचं का? तप स्वखुशीनं होतं. हे तर भीतीनं झालेलं लपवणं.

पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. आपल्या पूर्वाचार्यांनी शरीराची अडचण गृहीत धरूनच नियम घालून दिले. महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना सांगितलं तर ते चौविहाराऐवजी तिविहार सुचवतात किंवा या दिवसांपुरता नियम हलका करतात. पण सांगितल्याशिवाय सवलत कशी मागणार? तोपर्यंत दिवसा तरी थोडं थोडं, दर दोन तासांनी द्या. खाखरा, लाह्या, मुरमुरे, कोरडी पोळी. आलं आपल्यात चालत नाही, पण बहुतेक घरांत सुंठ चालते. चिमूटभर सुंठ गुळात कालवून घेतली की बऱ्याचजणींना बरं वाटतं.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येते. त्यांना भीती आहे नजरेची. मी त्यांना आदरानं एवढंच विचारलं, की आपण कर्म मानतो ना? मग शेजारणीच्या डोळ्यांत एवढी ताकद कुठून आली? आणि त्रिशलामातेचंच उदाहरण घ्या. श्वेतांबर चौदा स्वप्नं मानतात, दिगंबर सोळा, पण स्वप्नं पडल्यावर माता गप्प बसली असं कोणीच सांगत नाही. तिनं ती राजा सिद्धार्थांना सांगितली. कल्पसूत्रात तर सकाळी स्वप्नपाठक राजसभेत बोलावले गेले. पुढे हेही वर्णन आहे की तिनं फार थंड, फार गरम, फार तिखट, फार कडू असं खाणं टाळलं आणि गर्भाला हितकर तेवढंच घेतलं. दरवर्षी पर्युषणात आपण हे ऐकतो, पाळणा झुलवतो, आणि घरच्या सुनेला मात्र म्हणतो, बोलू नकोस.

नजरेच्या मागे खरी भीती वेगळी आहे, हे मलाही कळतं. सांगितलं आणि गर्भ राहिला नाही तर? ही भीती खोटी नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस टिकत नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. निम्म्याच्या आसपास कारण असतं गुणसूत्रांतला दोष, जो गर्भ राहतानाच आलेला असतो. जिना चढल्यानं, पपईची फोड खाल्ल्यानं किंवा नवऱ्याशी भांडल्यानं तो येत नाही.

पण लपवल्यानं हे दुःख टळतं का? आमच्या नात्यातल्या एका सुनेचा नववा आठवडा होता. नवऱ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. गर्भ गेला, आणि तिसऱ्या दिवशी ती घरच्या पारण्याला पंचवीस माणसांच्या पोळ्या लाटत उभी होती. कोणी दुष्ट नव्हतं. कोणाला ठाऊकच नव्हतं. आमचं चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचं गाव, म्हणून एक सांगते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानं कारखाने, खाणी आणि मळ्यांतल्या बाईला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा ठरवून दिली. म्हणजे हे शरीरावरचं मोठं संकट आहे हे कायद्याला साठ वर्षांपूर्वीच कळलं होतं. स्वयंपाकघराला ते कळायचं असेल तर आधी सांगावं लागेल.

आणि कृपा करून अशा मुलीला "तुझं कर्म" म्हणू नका. कर्मसिद्धांत स्वतःला सावरण्यासाठी आहे, दुसरीला दोष देण्यासाठी नाही.

मग गावभर सांगायचं का? मुळीच नाही. किती जणांना आणि कधी सांगायचं हे त्या मुलीनं ठरवावं, सासूनं नाही आणि मीही नाही. पण चार जणांना पहिल्याच आठवड्यात कळावं असं मला वाटतं: नवरा, घरातली एक वडीलधारी बाई, आशाताई किंवा डॉक्टर, आणि जिथं नियम घेतला ते गुरू. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की कार्ड मिळतं, हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तदाब, साखर, लघवी सगळं वेळेत तपासलं जातं. आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणीही करून घ्यावीच. मी बघते, खाणीवर कामाला जाणाऱ्यांच्या घरातल्या सुना आशाताईंकडे सातव्या-आठव्या आठवड्यात नाव देऊन येतात. आमच्या दुकानदारांच्या माडीवरच्या सुना चौथ्या महिन्यात तुमसरला जातात. शिकलेल्या कोण म्हणायच्या?

काही खुणा मात्र कोणाचीही वाट न बघता दाखवायच्या. रक्तस्राव, अगदी डाग असला तरी. पुष्कळदा डाग लागूनही पुढे सगळं ठीक होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, खांद्यात कळ, चक्कर येऊन पडणं, ही गर्भ नळीत अडकल्याची खूण असू शकते, आणि त्यात जीव जातो. पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी कमी आणि गडद होणं, ताप. आपल्यासारख्या गावातून रात्री तुमसर किंवा भंडारा गाठायचं म्हणजे गाडी लागते, सोबत माणूस लागतं. १०८ लावायलाही घरात कोणी जागं आणि माहीतगार हवं.

ज्यांच्या घरी नवी सून आहे त्यांना एकच विनंती. तिनं सांगण्याची वाट बघू नका, आणि खोदूनही विचारू नका. आजच जेवताना सहज म्हणून ठेवा, "तुला कधी सांगावंसं वाटलं तर पहिल्या दिवशी सांग, त्या दिवसापासून तुझं पच्चक्खाण वेगळं." आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.