मान आणि मजुरी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा नागरी हक्कांचा लढा म्हटला, की आपल्याला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे स्वप्नाचे भाषण आठवते. पण २८ ऑगस्ट १९६३ चा तो वॉशिंग्टन मोर्चा ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी’ होता. त्यात नोकऱ्या आधी होत्या, हे आपण विसरतो. मोर्चाचे प्रणेते ए. फिलिप रँडॉल्फ हे तर कामगार नेतेच. रेल्वेच्या शयनयानांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय पोर्टरांची संघटना त्यांनी १९२५ पासून बांधली होती.

कामगार संघटना आणि हा लढा यांची मैत्री मात्र सरळ नव्हती. वॉल्टर रूथर यांची मोटार कामगारांची संघटना मोर्चाच्या पाठीशी उभी राहिली. एएफएल-सीआयओ या मध्यवर्ती महासंघाने पाठिंबा दिला नाही. एकजुटीच्या घोषणा द्यायच्या आणि सभासद करून घेताना कातडीचा रंग पाहायचा, हा कित्येक गोऱ्या संघटनांचा शिरस्ता होता. रँडॉल्फ महासंघात राहूनच त्याविरुद्ध भांडत राहिले.

या मैत्रीची खरी कसोटी लागली मेम्फिस शहरात. फेब्रुवारी १९६८ मध्ये पावसापासून आडोसा घेतलेले दोन सफाई कामगार कचरागाडीच्या यंत्रात चिरडून मेले. सुमारे १३०० कामगारांनी संप पुकारला. पगारवाढ, संघटनेला मान्यता आणि संघटनेची वर्गणी पगारातून कापण्याची सोय, या त्यांच्या प्रमुख मागण्या. महापौर हेन्री लोब अडून बसले.

माझी हयात बँकेत गेली. म्हणून माझी नजर या वर्गणीवर खिळते. एवढ्याशा कपातीला इतका विरोध का? कारण दरमहा जमणारी वर्गणी म्हणजे संप संपल्यावरही टिकणारी संघटना. उत्साह ओसरतो, हिशेबाची वही राहते.

त्या कामगारांच्या हातातील फलकांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिले होते. डॉ. किंग त्यांच्यासाठी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिलला तेथेच त्यांची हत्या झाली. १६ एप्रिलला समझोता झाला. संघटनेला मान्यता मिळाली, पगारवाढही मिळाली. वर्गणी कामगारांच्या पतपेढीमार्फत जमा करायची, असा मार्ग निघाला.

मान मोठा की मजुरी, हा वाद पोट भरलेल्यांनी घालावा. मेम्फिसच्या सफाई कामगाराला दोन्ही एकाच पाकिटात हवे होते. जी संघटना आपल्याच सभासदांत उच्चनीच पाळते, तिला ते पाकीट मालकाकडून मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, असे मला वाटते.