बांधाचा दगड चुलीला नको



पावसाळा लागला की रविवारी कसारा लोकलला पाय ठेवायला जागा नसते. टिटवाळा मागे पडले की पुढचे स्टेशन खडवली. तेथे कामगार वस्त्यांतली माणसे डबे, पातेली, लेकरेबाळे घेऊन उतरतात आणि भातसा नदीची वाट धरतात. आठवडाभर कारखान्यात, बांधकामावर, लोकांच्या घरी राबणाऱ्याला एक दिवस पाण्याकाठी बसावेसे वाटले तर त्यात वावगे काय? सहल बंद करा असे सांगण्यासाठी हे लिहीत नाही.

नदीचा धोका आता सर्वांना ठाऊक आहे. वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. त्याचे दरवाजे उघडले की खाली पाणी चढते. इशारा आला की पाण्यातून बाहेर यावे, यात दुमत नाही. पण नदी नको म्हणून काही मंडळी एखाद्या लहानशा तलावाकडे वळतात. तिथले पाणी संथ, कोणी हटकत नाही. सगळे सुरक्षित वाटते. ज्या मातीच्या बांधावर आपण चादर अंथरतो, त्याची प्रकृती कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही.

असे कितीतरी बांध १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. आपल्याच आयाबहिणींनी डोक्यावर मातीच्या पाट्या वाहून ते बांधले. आत चिकणमातीचा गाभा, बाहेर मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांचे अस्तर आणि एका अंगाला जादा पाणी जाण्यासाठी सांडवा, अशी त्याची साधारण रचना असते. सिमेंटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती बहुधा टिकते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की माती धुपते, खाच पडते आणि थोड्या वेळात भगदाड होते. म्हणून सांडवा मोकळा असणे म्हणजे बांधाचा जीव शाबूत असणे.

बांध दुसऱ्या तऱ्हेनेही मरतो, आतून. घुशी, उंदीर, खेकडे बिळे करतात. झाडांची मुळे आत शिरतात, झाड वाळले की तिथे पोकळी राहते. त्यातून पाणी वाट काढते आणि जाताना माती घेऊन जाते.

२ जुलै २०१९ ची रात्र आठवा. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे गेली. ते धरणही मातीचेच होते. गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे खात्याच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकडा बीळ करणारच, तो काही सरकारी पगार घेत नाही. बिळे शोधून बुजवण्याचे काम माणसांचे होते.

२०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. त्यात १५ मीटरहून उंच धरणे येतात आणि १० ते १५ मीटरमधली काही. त्याहून ठेंगणे बांध त्या कायद्याबाहेर राहिले. म्हणजे तिथे तपासणीला साहेब कधी येईल याचा भरवसा नाही, पण आपण दर रविवारी जातो. मग पाहणारे डोळे आपलेच हवेत.

काय पाहावे? बांधाच्या कोरड्या बाजूला पायथ्याशी पाणी झिरपते आहे का? ते नितळ असले तरी कळवावे. गढूळ असले तर माती वाहू लागली आहे, मुलांना घेऊन बाजूच्या उंच जागेवर जावे आणि खालच्या वस्तीला सावध करावे. माथ्यावर लांब भेग, खचलेला भाग, उतारावर घसरलेली माती, बुजलेला सांडवा, ही सगळी दुखण्याची लक्षणे आहेत.

आता थोडे आपल्याविषयी. तीन दगडांची चूल मांडायची म्हणून बांधाच्या अस्तरातले दगड उपसले जातात. उघड्या पडलेल्या मातीला मग लाटा खातात. उतारावरून रोज एकाच वाटेने उतरले की तिथे पावसाचा ओहोळ पडतो. बाटल्या, पिशव्या, पत्रावळी वाहत जाऊन सांडव्यात अडकतात. हे सारे टाळायला पैसा लागत नाही.

लक्षण दिसले तर ग्रामपंचायतीला आणि जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला लेखी अर्ज द्यावा. जागा, तारीख, काय दिसले ते लिहावे, फोटो जोडावा आणि पोच घ्यावी. एक प्रत तहसीलदारांना द्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात शेवटच्या तपासणीचा अहवाल मागावा. धोका तातडीचा असेल तर अर्ज लिहीत बसू नये, ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ क्रमांकावर फोन करावा.

बांधाखाली, ओढ्याच्या काठी, सखल जागेत कोणाच्या वस्त्या असतात हे या वाचकांना सांगायला नको. आपण संध्याकाळच्या गाडीने घरी परततो. ती माणसे रात्री तिथेच झोपतात.